४.७ जीबीची डीव्हीडी ४.३७ची कशी होते?

"भाऊ, डब्यावर तं ४.७ लिवलं हाय, मंग कॉम्प्युटर ४.३७च काऊन दाखवते? बाकीची जागा गेली कोठी?"

तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ किंवा झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. विचारणाऱ्याला संशय असतो की माल नकली आहे. दुकानदार म्हणतो, "तेवढं जातेच ना जी फॉरमॅटमध्ये." गिऱ्हाइकाचा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि दुकानदाराचं उत्तर जवळजवळ नेहमीच.

पेन ड्राइव्ह आणि मोबाइलच्या जमान्यात कोरी सीडी-डीव्हीडी घेतं कोण, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. पण तालुका कोर्टात पुरावा म्हणून रेकॉर्डिंग द्यायचं असलं की वकील आजही सीडी किंवा डीव्हीडी मागतो. नागपूर किंवा सेवाग्रामहून एमआरआय काढून आणला की फिल्मसोबत बऱ्याचदा एक सीडी येते, आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला तिची नक्कल काढावी लागते. लग्नाच्या शूटिंगची डीव्हीडी आल्याशिवाय वधूपित्याला हिशेब पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही. झाडीपट्टीतलं रात्रभराचं नाटक असो की गावच्या मंडळाची खंजिरी भजनं, जपून ठेवायची म्हटली की चकती निघतेच. एकदा लिहिलं की त्यावर पुन्हा लिहिता येत नाही, हा तिचा गुण पेन ड्राइव्हमध्ये नाही.

म्हणून तिच्यात नेमकं किती मावतं, ते आधी पाहू.

दोन मापं, एकच नाव

झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याची धानाची खंडी वेगळी आणि कापूस बाजारातली रुईची खंडी वेगळी. रुईची खंडी साधारण ३५६ किलोची. नुसतं "दहा खंडी" म्हटलं तर माल कोणता हे कळल्याशिवाय वजन कळत नाही. जीबीचं असंच आहे. डीव्हीडी बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, हजाराच्या पटीत. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा होतो. माल तेवढाच, माप मोठं. मोठ्या मापानं मोजलं की आकडा लहान येणारच.

डीव्हीडी प्लस आर जातीच्या चकतीवर नेमके ४७० कोटी ३ लाख ७२ हजार ९९२ बाइट बसतात. १०० कोटीनं भागा, ४.७ येतात. विंडोजच्या मापानं भागा, ४.३७ येतात. एक बाइटही हरवलेला नाही. फॉरमॅटमध्ये काही गेलेलं नाही, कुणी काही खाल्लेलंही नाही. मॅक कॉम्प्युटर २००९ पासून हजाराच्याच पटीत मोजतो, त्यामुळे तीच चकती तिथे टाकली तर ४.७ च दिसते.

हीच गोष्ट १ टीबीच्या हार्ड डिस्कला लागू आहे, ती विंडोजमध्ये ९३१ जीबीची दिसते. माप जितकं मोठं, तितका फरक वाढत जातो: एमबीला पाच टक्क्यांच्या आत, जीबीला सात टक्क्यांच्या पुढे, टीबीला जवळपास दहा. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं १०२४ च्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली. विंडोजनं ती अजून घेतली नाहीत, आणि दुकानात "एक गिबी द्या" म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

आता गंमत पाहा. सीडीवर जे ७०० एमबी छापलेलं असतं ते मात्र १०२४ च्या मापातलं असतं! सीडीवर ७३ कोटी ७२ लाख ८० हजार बाइट बसतात, म्हणजे विंडोजच्या मापानं ७०३ एमबी. म्हणून सीडीबाबत कुणी तक्रार करत नाही, छापल्याप्रमाणे भरते. सीडी जुन्या रिवाजानं मोजली गेली आणि डीव्हीडी आली तेव्हा कंपन्यांनी हजाराचं माप उचललं. डीव्हीडीनंतर आलेल्या, जास्त जागेच्या ब्लू-रे चकतीनंही तेच केलं. २५ जीबीची ब्लू-रे विंडोजमध्ये २३.३ ची दिसते, ५० ची ४६.६ ची. दोन थरांची डीव्हीडी, जिच्यावर ८.५ छापलेलं असतं, ती ७.९६ भरते.

तर दुकानात उभं राहून तोंडी हिशेब करायचा असेल तर एवढं पुरे: डीव्हीडी आणि ब्लू-रेवर छापलेला आकडा ०.९३ ने गुणा, सीडीचा आहे तसा घ्या.

८० मिनिटं म्हणजे किती एमबी?

सीडीवर दोन आकडे असतात, ७०० एमबी आणि ८० मिनिटं. लोक पहिला वाचतात. खरा आकडा दुसरा आहे.

सीडी मुळात गाण्यांसाठी बनली. तिच्यावरची जागा छोट्या-छोट्या कप्प्यांत, म्हणजे सेक्टरमध्ये विभागलेली असते आणि एका सेकंदाला ७५ सेक्टर वाजतात. ८० मिनिटांचे ४,८०० सेकंद, गुणिले ७५, म्हणजे ३ लाख ६० हजार सेक्टर. ही संख्या पक्की. बदलतं ते एवढंच, की प्रत्येक सेक्टरमध्ये तुमच्या कामाचे किती बाइट ठेवायला मिळतात.

गाणं असेल तर सेक्टरमागे २,३५२ बाइट मिळतात. फाइल असेल तर २,०४८ च. उरलेले ३०४ बाइट कुठे जातात? त्यांतले बरेचसे, २७६, चुका दुरुस्त करायच्या गणितासाठी राखून ठेवलेले असतात. बाकीचे सेक्टरची सुरुवात, पत्ता आणि तपासणी यासाठी. ही चैन नाही. भजनात मध्येच एका क्षणाचा हजारावा भाग वाचता आला नाही तर प्लेयर मागचा-पुढचा आवाज जोडून वेळ मारून नेतो, कानाला कळतही नाही. पण स्कॅन केलेल्या सातबाऱ्याच्या किंवा झिप फाइलच्या बाइटमध्ये अंदाजाला जागा नाही. एक बाइट चुकला तर कधीकधी पूर्ण फाइल उघडत नाही. म्हणून फाइलसाठी दुरुस्तीचं सामान जास्त आणि जागा कमी.

यातून एक कोडं सुटतं, जे व्हीसीडीच्या, म्हणजे सीडीवरच व्हिडिओ देण्याच्या काळात अनेकांना पडलं होतं. जुन्या लग्नाची व्हीसीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली की तिच्यातली डॅट नावाची फाइल कधी ७५० तर कधी ८०० एमबीची दिसते. ती हार्ड डिस्कवर उतरवली आणि साध्या पद्धतीनं दुसऱ्या ७०० एमबीच्या सीडीवर टाकायला गेलं की "जागा पुरत नाही" असा निरोप येतो. ज्या सीडीत ती होती तशाच सीडीत ती मावत नाही! कारण व्हीसीडीचं चित्र गाण्याच्या जातीतलं धरलेलं असतं. एखादा ठिपका चुकला तर चालतो, म्हणून तिथे सेक्टरमागे २,३२४ बाइट वापरतात. त्या हिशेबानं ८० मिनिटांच्या सीडीवर ७९७ एमबीपर्यंत चित्र बसतं. तीच वस्तू साधी फाइल म्हणून टाकली की पुन्हा २,०४८ चं बंधन लागतं. उपाय सोपा आहे. फाइल कॉपी करत बसू नका, पूर्ण चकतीची नक्कल काढा. बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क कॉपीचा पर्याय असतो, तो सेक्टर जसेच्या तसे उचलतो.

डीव्हीडीत ही भानगड नाही. सिनेमा असो की फाइल, सेक्टर २,०४८ चाच, आणि दुरुस्तीचं सामान आधीच बाजूला काढलेलं असतं.

७४ मिनिटांच्या, ६५० एमबीच्या सीड्या जुन्या साठ्यात अजून सापडतात. त्या चालतात. ९० आणि ९९ मिनिटांच्याही निघाल्या होत्या, ८०० एमबीच्या आसपास आणि त्यापुढे भरणाऱ्या. त्यांच्यापासून दूर राहा. सीडीच्या प्रमाणित मापात त्या बसत नाहीत. एका घरच्या प्लेयरवर वाजली म्हणून दुसऱ्या घरी वाजेल याची हमी नाही.

जागा खरंच जाते ती कुठे

मापाचा फरक हा नुसता दिसण्याचा फरक झाला. पण काही वेळा जागा खरोखर खर्च होते, आणि ती बहुधा आपणच घालवतो.

पहिलं कारण, हप्त्याहप्त्यानं लिहिणं. सीडीवर आज थोडे फोटो टाकले, पुढच्या आठवड्यात थोडे, असं केलं की प्रत्येक वेळेला सुरुवात आणि शेवट बंद करायला जागा लागते. पहिल्या हप्त्याला सुमारे २२ एमबी, पुढच्या प्रत्येकाला साधारण १३. दहा वेळा असं केलं तर सव्वाशे-दीडशे एमबी नुसत्या दारं-खिडक्या लावण्यात गेले. शिवाय काही जुने प्लेयर फक्त पहिला हप्ताच वाचतात, पुढचं त्यांना दिसतच नाही.

दुसरं कारण विंडोज विचारतं त्या प्रश्नात आहे. कोरी चकती टाकली की दोन पर्याय येतात: पेन ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी. पहिला पर्याय सोयीचा वाटतो. फाइल ओढा, टाका, नको असली तर डिलीट करा. पण एकदाच लिहिता येणाऱ्या चकतीवर डिलीट केलेली फाइल फक्त यादीतून जाते, तिची जागा परत मिळत नाही. शंभर एमबीचा व्हिडिओ पाच वेळा टाकून पाच वेळा पुसला तर ५०० एमबी संपले आणि चकती रिकामी दिसते. शिवाय अशी चकती दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा टीव्हीच्या प्लेयरवर उघडेलच असं नाही. कोर्टात किंवा डॉक्टरकडे द्यायची असेल तर डोळे झाकून दुसरा पर्याय निवडा.

पुन्हा-पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू पेन ड्राइव्हच्या पद्धतीनं फॉरमॅट केली तर ७०० ऐवजी साडेपाचशे एमबीच्या आसपास उरते. इथे मात्र "फॉरमॅटमध्ये गेलं" हे उत्तर बरोबर आहे.

आणि एक अडचण जागेची नसून जागेसारखी दिसणारी. ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल चकतीच्या जुन्या पद्धतीच्या फाइल रचनेत बसत नाही, तिच्यासाठी यूडीएफ नावाची रचना निवडावी लागते. पेन ड्राइव्ह फॅट ३२ नावाच्या जुन्या रचनेचा असेल तर तिथेही हीच मर्यादा आडवी येते.

आपला माल मोजा

चकती किती मोठी हे कळलं, आता त्यात टाकायचं काय ते मोजू. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ भजनाला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे एका सीडीत बारा तासांवर भजनं मावतात. पण तीच ऑडिओ सीडी म्हणून लिहिली तर ८० मिनिटांत खेळ खलास, पाच-पाच मिनिटांची सोळा. जुना सीडी प्लेयर फक्त ऑडिओ सीडीच वाजवतो, ट्रॅक्टरवरचा किंवा जीपमधला टेप बहुतेक एमपी३ ही वाजवतो. ज्याला द्यायची त्याच्याकडे काय आहे ते आधी विचारा.

फोटो एकेक ५ एमबीचा धरला तर डीव्हीडीत साधारण ९४० बसतात.

व्हिडिओत लोक सर्वांत जास्त फसतात. टीव्हीच्या प्लेयरवर चालणारी डीव्हीडी करायची असेल तर चांगल्या चित्रात दोन तास बसतात, सेकंदाला साधारण ५ मेगाबिटच्या हिशेबानं (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). लग्नाचं फुल एचडी शूटिंग जसंच्या तसं फाइल म्हणून ठेवायचं म्हटलं, कॅमेरा २४ मेगाबिटनं रेकॉर्ड करत असेल, तर त्याच डीव्हीडीत फक्त २६ मिनिटं मावतात. हळदीसुद्धा पूर्ण होणार नाही. म्हणून शूटिंगवाल्याला दोन प्रश्न वेगळे विचारा: पाहायची डीव्हीडी किती, आणि मूळ फुटेज कशात देणार. मूळ फुटेज डीव्हीडीत मागू नका, हार्ड डिस्क किंवा ब्लू-रे मागा.

नाटकाचं तसंच. पाच तासांचं नाटक एका डीव्हीडीत कोंबता येतं, पण मग सेकंदाला दोनच मेगाबिट मिळतात. रंगमंचावरचा लाल-निळा उजेड चौकटी-चौकटींनी फुटायला लागतो आणि खलनायकाच्या मिशा दिसेनाशा होतात. तीन डीव्हीड्या करा. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.

एमआरआयच्या सीडीबद्दल एक सूचना. तिच्यात शेकडो लहान फाइली असतात, अनेकांच्या नावापुढे जेपीजीसारखं शेपूटही नसतं. त्यांतल्या "कामाच्या" तेवढ्या निवडून दुसऱ्या सीडीवर टाकल्या तर डॉक्टरच्या कॉम्प्युटरवर तपासणी नीट उघडत नाही, कारण कुठली फाइल कुठे आहे याची यादी एका वेगळ्या फाइलमध्ये असते आणि तीच मागे राहते. पूर्ण चकतीची नक्कल करा.

चकती कोणती घ्यायची

आधी खूण. डीव्हीडीवर "वजा आर" आणि "अधिक आर" अशा दोन जाती दिसतील (-R आणि +R; अधिक आर म्हणजेच वर आलेली प्लस आर). वजा आर १९९७ ची, जुनी. अधिक आर २००२ मध्ये वेगळ्या कंपन्यांच्या गटानं आणली. आताचे रायटर दोन्ही लिहितात. अगदी जुन्या टीव्ही प्लेयरला वजा आर जास्त पचते. वजा आरमध्ये ६९ लाख ४६ हजार ८१६ बाइट जास्त मावतात, म्हणजे सात एमबीला थोडे कमी. हा फरक एरवी कुणाला कळणार नाही. पण वजा आर काठोकाठ भरून तिची नक्कल अधिक आरवर काढायला गेलात की शेवटच्या क्षणी नकार येतो. एका कामासाठी एकच जात ठेवा.

बुटक्या, आठ सेंटीमीटरच्या चकत्याही मिळतात. हँडीकॅमसाठी बनलेली ती डीव्हीडी १.४ जीबीची असते. डब्यावर नुसतं "डीव्हीडी-आर" वाचून घेऊ नका.

ब्रँडचं नाव आणि चकती बनवणारा कारखाना बऱ्याचदा वेगळे असतात. आपल्याकडे एकेकाळी मोझर बेअर हे नाव घरोघरी होतं. नोएडा भागात कारखाने असलेली ही भारतीय कंपनी जगातल्या मोठ्या चकती उत्पादकांपैकी एक होती, आणि स्वस्तात सिनेमे विकून तिनं पायरसीवाल्यांनाही घाम फोडला. २०१८ मध्ये ती लिक्विडेशनला गेली. सीडी-आर ज्यांनी मुळात तयार केली ती जपानची तैयो युडेन कंपनी २०१५ अखेर या धंद्यातून बाहेर पडली. व्हर्बाटिमचा चकत्यांचा धंदा २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेला. सोनीनं कोऱ्या ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. म्हणजे दुकानाच्या मागच्या फळीवर जो जुना डबा आहे त्यावरचं नाव ओळखीचं असलं तरी तो किती उन्हाळे तिथे काढून आलाय, ते विचारायला हवं. कोरी चकतीही पडून-पडून जुनी होते.

कारखान्याची ओळख चकतीतच लिहिलेली असते, डोळ्यांना न दिसणारी. इमग्बर्नसारख्या (ImgBurn) फुकट सॉफ्टवेअरमध्ये कोरी चकती टाकली की उजव्या बाजूच्या माहितीत उत्पादकाचा कोड आणि मोकळ्या सेक्टरची संख्या दिसते. डीव्हीडी अधिक आरला २२,९५,१०४ सेक्टर दिसायला हवेत, वजा आरला २२,९८,४९६. या संख्येला २,०४८ ने गुणलं की तुमची खरी क्षमता बाइटमध्ये हातात येते, मग छापलेल्या आकड्याशी काही देणंघेणं उरत नाही. पन्नासचा डबा घ्यायच्या आधी त्यातल्या एका चकतीवर हे पाहून घ्या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

रंगावरून पारख करणारे भेटतात: निळी चांगली, हिरवट वाईट. यात थोडं तथ्य आहे, थोडंच. सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यालाच भाजून खुणा करतो. खोल निळा रंग बहुधा ॲझो जातीचा, फिकट सोनेरी-हिरवट बहुधा थॅलोसायनिन. दोन्ही टिकाऊ मानले जातात. सुरुवातीच्या काळातलं सायनिन उन्हाला जास्त नाजूक. पण थर किती सारखा पसरला आहे आणि मागचा मुलामा किती घट्ट आहे, हे रंगावरून कळत नाही. स्वस्त चकतीतही निळा रंग टाकता येतो.

दीर्घकाळ ठेवायचं असेल तर आरडब्ल्यू घेऊ नका. पुसता येण्याची सोय हाच तिथे दोष. ब्लू-रे घेताना डब्यावर एलटीएच ही अक्षरं असतील तर ठेवून द्या, त्यात पुन्हा रंगद्रव्यच असतं. साध्या बीडी-आरमध्ये खनिज थर असतो, तो उष्णतेला जास्त दाद देत नाही. एम-डिस्क नावाची चकतीही खनिज थराची आणि जास्त काळ टिकण्यासाठी बनवलेली, पण तिची डीव्हीडी लिहायला तिला मान्यता असलेला रायटर लागतो.

लिहिताना

चकती आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरची कड ही तिची सर्वांत दुबळी जागा: तिथे थर असमान असायची शक्यता जास्त, डगमग जास्त, आणि बोटं लागतात तीही तिथेच. म्हणून ४.३७ मोकळे दिसले तरी ४.१ च्या पुढे भरू नका. महत्त्वाचं असेल तर चारवरच थांबा.

१६ एक्स लिहिलेल्या डीव्हीडीला ८ एक्सनं लिहा. एक एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी, तेव्हा पूर्ण डीव्हीडीला सात-आठ मिनिटं लागतात, तपासणी धरून दुप्पट. १ एक्स सर्वांत सुरक्षित, ही समजूत जुनी झाली. आताच्या चकत्या त्या वेगासाठी बनलेल्याच नसतात. लाइट जायची वेळ आपल्याला पाठ असतेच, ती टाळा, नाहीतर लॅपटॉपवर लिहा. मध्येच वीज गेली तर एकदाच लिहायची चकती बाद. लिहून झाल्यावर "व्हेरिफाय" चा टप्पा घाईत वगळू नका.

कोर्टासाठी असेल तर आणखी एक काम. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी हेच पुरावा कायद्याच्या ६५ ब खाली होतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अन्वर पी. व्ही. विरुद्ध बशीर या खटल्यात सीडीचा पुरावा याच प्रमाणपत्राअभावी नाकारला होता. नव्या नमुन्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते, म्हणजे फाइलच्या बाइटवरून काढलेला एक लांब आकडा, जो फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी पूर्ण बदलतो. चकती लिहायच्या आधी मूळ फाइलची हॅश काढा, लिहून झाल्यावर चकतीवरच्या फाइलची काढा, दोन्ही एकच आहेत का पाहा आणि मग वकिलाकडे जा. चकती फायनलाइज करूनच, म्हणजे पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद करूनच द्या.

आपला उन्हाळा

अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेनं २००३ मध्ये ग्रंथालयांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत चकत्या ४ ते २० अंश तापमानात आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा असं सांगितलंय. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५-४६ वर असतो आणि टिनाच्या घरात त्याहून वर. २० अंश आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री मिळतात. तेव्हा जमेल तेवढं करा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, मातीच्या भिंतींची आतली खोली उत्तम, आणि वरच्या फळीपेक्षा खालची. जीपच्या डॅशबोर्डवर एक दुपारही नको. पावसाळ्यात भंडारा-गडचिरोलीकडे बुरशीचा त्रास, तिथे बंद डब्यात ओल शोषणारी पुडी टाका. मऊ प्लास्टिकची पाकिटं उष्णतेनं चकतीला चिकटतात, कडक डबीत उभी ठेवा.

सीडीची नाजूक बाजू खालची नाही, वरची आहे. खाली १.२ मिलिमीटर प्लास्टिक असतं, वर मुलाम्यावर फक्त वार्निशचा पातळ थर. बॉलपेननं नाव लिहिलं की गेलं. सीडीचा मार्कर वापरा, आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहा. डीव्हीडीत थर दोन प्लास्टिकांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरचा ओरखडा सोसते. पण तिच्यावर कागदी स्टिकर लावू नका, फिरताना तोल जातो. लग्नाच्या डीव्हीडीवर वधू-वरांचा फोटो हवाच असेल तर पांढऱ्या पृष्ठभागाची, थेट प्रिंट होणारी चकती मिळते, स्टुडिओवाल्याला तीच वापरायला सांगा.

ज्या चकत्या आधीच घरात आहेत, दहा-पंधरा वर्षांच्या व्हीसीड्या, जुन्या भजनांच्या सीड्या, त्यांची पूर्ण नक्कल आत्ताच हार्ड डिस्कवर घ्या. नवे लॅपटॉप ड्राइव्हशिवाय येतात, पण यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर नागपूर-अमरावतीला सहज मिळतो, आणि दोन-चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. वाचताना ड्राइव्ह घरघर करत अडकला तर चकती काढून मऊ सुती कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल-गोल नाही, आणि वाचायचा वेग कमी करून पुन्हा लावा. तरीही अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा. एका ड्राइव्हनं नाकारलेली चकती दुसरा कधीकधी मुकाट्यानं वाचतो.